जमीन विकतानाच सांगा

प्रति,
मा. मंत्री, ट्रीटी अँड फर्स्ट पीपल्स,
व्हिक्टोरिया राज्य, मेलबर्न

विषय: मूलनिवासींच्या (ॲबोरिजिनल) सांस्कृतिक वारशाच्या दृष्टीने संवेदनशील जमिनीची माहिती खरेदीआधी मिळण्याबाबत

मा. मंत्री, स. न.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला पाठवली आहे. मराठीत जाहीर लिहिते आहे, कारण मेलबर्नच्या पश्चिमेला जमिनी घेणाऱ्या आमच्या माणसांनीही हे वाचायला हवं.

आम्ही भावंडांनी मेल्टनजवळ, ओढ्याला लागून, अर्धा एकर घेतला. चार घरं बांधायची, दोन विकायची. एजंट म्हणाला, "नांगरलेली शेतजमीन आहे, काही भानगड नाही." परवानगीच्या वेळी कळलं, की नाव असलेल्या नदी-ओढ्यापासून 200 मीटरच्या आतली जमीन मूलनिवासी वारशाच्या 2018 च्या नियमांत सहसा संवेदनशील धरतात. आमच्याएवढ्या भूखंडावर तीन किंवा जास्त घरं बांधायची तर आधी वारसा व्यवस्थापन आराखडा, म्हणजे जमिनीतला वारसा तपासून तो कसा जपायचा याचा आराखडा, मंजूर करून घ्यावा लागतो. तोवर कौन्सिलचे हात बांधलेले. आणि साधी नांगरट? ती या नियमांत जमिनीची मोठी उलथापालथ म्हणून धरतच नाहीत, म्हणजे नांगरलेली असली तरी जमीन संवेदनशीलच.

मग पुरातत्त्वज्ञ आले, सोबत इथल्या मूलनिवासी समाजाचे प्रतिनिधी. खड्डे खणायचे, माती चाळणीतून काढायची. एका चाळणीत सिलक्रीट या कठीण दगडाची, हत्यारासाठी काढलेली कपची राहिली. नखाएवढी, एका कडेला अजून धार. भाऊ तोवर खर्चाचा हिशेब मांडत होता, तोही गप्प झाला.

माझी तक्रार कायद्याबद्दल नाही. 2020 साली पश्चिम ऑस्ट्रेलियात जूकन गॉर्जमधले, 46,000 वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा जपलेले शैलाश्रय रिओ टिंटोने खाणीसाठी सुरुंग लावून उडवले, तेही सरकारी परवानगीने. आपल्या राज्याचा 2006 चा कायदा आराखडा मंजूर करण्याचा अधिकार त्या भागाच्या नोंदणीकृत मूलनिवासी संस्थेला देतो. हे योग्यच आहे. संस्थेला निर्णयासाठी 30 दिवस असतात, त्यालाही कोणी लांबण म्हणू नये.

तक्रार आहे ती उशिरा कळण्याची. पैसे गुंतल्यावर अशी बातमी आली की माणूस एजंटला सोडून मूलनिवासींच्या नावाने बोटं मोडतो. आमच्या लोकांत हे मी कानांनी ऐकलं आहे, आणि ऐकवत नाही. वास्तविक ज्यांची जमीन गेली तेच ते!

संवेदनशील भागांचा नकाशा सरकारने सगळ्यांना खुला ठेवला आहे, मान्य. पण नवख्या माणसाला असा नकाशा असतो हेच ठाऊक नसतं. गावी सातबारा हातात आला की आम्ही आधी 'इतर हक्क' हा रकाना वाचतो. इथे विक्रेत्याने सही होण्याआधी द्यायचं, जमिनीची माहिती सांगणारं, जमीनविक्रीच्या कायद्यातल्या सेक्शन 32 चं निवेदन असतं. आम्हाला मिळालेल्या निवेदनात याबद्दल एक ओळही नव्हती.

जमीनविक्रीचा कायदा आपल्या खात्याकडे नसेल, तर संबंधित मंत्र्यांशी बोला. जमीन संवेदनशील भागात येते की नाही, हे या निवेदनाच्या पहिल्याच पानावर लिहिणं विक्रेत्याला बंधनकारक करा. त्याखाली संबंधित मूलनिवासी संस्थेचं नाव आणि फोन नंबरही असू द्या.

आपली,
मेल्टनची एक रहिवासी