हरिपूरची पेवे बुजवण्याआधी

संपादक महोदय,
सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, कौतुक झाले. पण ज्या पेवांत, म्हणजे साठवणीसाठी जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत, ही हळद वर्षानुवर्षे टिकायची, ती सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे एकेक करून बुजत चालली आहेत. जागेला भाव आला, शीतगृहे आली. व्यवहाराला आम्ही नावे ठेवत नाही. पण पेव म्हणजे नुसता खड्डा नव्हे.

इथली कृष्णाकाठची माती चिवट. ढासळत नाही, पाणी सहसा पाझरू देत नाही. पेवाचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, आत रांजणासारखा घेर, खोली साधारण १५ ते २५ फूट. आतून शेणमातीने सारवून ते खडखडीत वाळू द्यायचे. तळाला आणि कडेने पाचटाचा जाड थर, त्यावर चटया, मग हळकुंडे. वर पुन्हा पाचट, फरशी आणि मातीचा उंचवटा, म्हणजे पावसाचे पाणी तोंडाशी साचत नाही. कोंडलेल्या हवेतला प्राणवायू संपत जातो, कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) वाढतो आणि हळदीला लागणारे भुंगेरे मरतात. वीज नाही, धुरीच्या विषारी गोळ्या नाहीत. मात्र पेव गळ्यापर्यंत भरायला हवे. अर्धे रिकामे ठेवले तर उरलेली हवा किडीला पुष्कळ दिवस पुरते. नमुना बघायला मध्येच उघडले तरी तेच.

नुकसान होते ते बहुतेक ओलीमुळे. हळकुंड मोडताना खणकन आवाज आला पाहिजे. वाकले तर माल अजून उन्हात हवा. ओलावा १० टक्क्यांच्या आतच असावा. घाईने भरलेली चार पोती कच्ची निघाली की तिथून ऊब धरते, बुरशी पसरते, आणि हे कळते पेव उघडल्यावरच.

उघडणे हे तर जोखमीचे काम. कर्बवायू हवेपेक्षा जड, तो तळाशी बसतो; नुसते झाकण काढून तो लवकर जात नाही. जुने लोक काही तास तोंड उघडे ठेवून कंदील सोडून बघत. विझला तर उतरायचे नाही, हे खरेच. पण जळत राहिला म्हणून धोका नाही असेही नाही. पंख्याने हवा खेळवावी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे असावीत.

२००५ च्या महापुराने कित्येक पेवांत पाणी शिरले, पुढे २०१९ आणि २०२१ लाही पूर आले. त्यामुळे पूररेषेतली पेवे पुन्हा भरा असे आम्ही म्हणणार नाही. उंचावरची किती शाबूत आहेत, याची ग्रामपंचायत व कृषी विभागाने मिळून मोजणी करावी. पेव भरणाऱ्या-उघडणाऱ्या मजुरांकडून ही रीत लिहून घ्यावी, चित्रित करावी. हे हात आता थकले आहेत. आणि पडीक पेवांच्या तोंडावर निदान खूण तरी करा, गवतात ती दिसत नाहीत.

– काही हळद उत्पादक, ता. मिरज, जि. सांगली