शेपटीमागे धावणारा कुत्रा प्रत्येक वेळी खेळतच असतो असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुत्रा स्वतःच्याच शेपटीमागे गरागरा फिरतोय आणि मागून घरातली माणसं हसतायत, "पकड पकड" करून त्याला अजून चेव आणतायत, असे व्हिडिओ रोज कुणीतरी फॉरवर्ड करतं. मला ते बघवत नाहीत, म्हणून हे पत्र.

पिल्लू असेल तर ठीक आहे. त्याला शेपूट आपलीच आहे हे अजून नीट उमगलेलं नसतं, काहीतरी हलताना दिसतं की झडप घालायची, दोन मिनिटांत विसरून दुसरीकडे पळायचं. पण मोठा कुत्रा रोज तेच करतोय, हाक मारली, खाऊ दाखवला तरी थांबत नाही, शेपटीचे केस गेलेत, चावून जखम झालीय, तर तो खेळ नाही हो.

2011 साली शार्लट बर्न या ब्रिटनमधल्या संशोधिकेने यूट्यूबवरचे असे 400 व्हिडिओ तपासले होते. साधारण एक तृतीयांश कुत्र्यांमध्ये हे आजाराकडे झुकणारं वागणं आहे अशी लक्षणं दिसली, आणि 55 टक्के व्हिडिओंमध्ये माणसं हसत होती, 43 टक्क्यांमध्ये तर चक्क प्रोत्साहन देत होती. मालकांना आणि खाली कमेंट करणाऱ्यांना त्यात काही बिघडलंय हे जवळजवळ लक्षातच आलेलं नव्हतं. मला या आकड्यांचं फार वाईट वाटतं, कारण हे सगळे लोक कुत्र्यावर प्रेम करणारेच असणार.

कारणं बरीच असतात. कधी पिसवा किंवा त्वचेची अॅलर्जी, कधी जंत, कधी गुदद्वाराजवळच्या दोन लहान ग्रंथी तुंबतात आणि तिथे इतकं खुपतं की कुत्रा सारखा वळून मागे बघतो, ढुंगण जमिनीला घासतो. कधी मणक्याचं किंवा मेंदूचं दुखणं. कधी दिवसभर बांधून ठेवल्याचा कंटाळा. आणि काही कुत्र्यांत ती सवय ओसीडीसारखी (माणसांमधला, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) घट्ट बसते, स्वतःला थांबवताच येत नाही. बुल टेरियर आणि जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त दिसतं. हेलसिंकी विद्यापीठाच्या 2012 च्या अभ्यासात 368 कुत्र्यांची माहिती घेतली होती, त्यात बऱ्याच जणांना हे तीन ते सहा महिन्यांच्या वयातच सुरू झालेलं आढळलं आणि आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लांत प्रमाण जास्त होतं. पिल्लू लवकर घरी आणायची घाई करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

मग करायचं काय, तर आधी डॉक्टरला दाखवायचं, आणि दाखवताना व्हिडिओ न्यायचा कारण दवाखान्यात कुत्रा तसं करेलच असं नाही. कधी होतं, किती वेळ चालतं, त्याआधी घरात काय घडलं हेही सांगायचं. ओरडू किंवा मारू तर अजिबात नका, त्याने भीती वाढते आणि फिरणंही वाढू शकतं. शेपटीला पट्टी किंवा गळ्यात कोन (चाटू-चावू न देणारी शंकूसारखी कॉलर) घातला की जखम भरेल पण मूळ कारण तसंच राहतं. फिरायला नेणं, वास घेऊन शोधायचे खेळ, ठरलेलं वेळापत्रक यांनी पुष्कळ फरक पडतो, आणि सवय फारच घट्ट असेल तर डॉक्टर फ्लुओक्सेटीनसारखी (माणसांना नैराश्यावर देतात तशी) औषधंही देतात, ती स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

आपल्या पुरवणीत यावर एखाद्या पशुवैद्याचा सविस्तर लेख छापावा अशी मनापासून विनंती आहे.

आपला,
एक श्वानप्रेमी वाचक