ओएलईडी, क्यूएलईडी आणि आमची छपरी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरासाठी टीव्ही कोणता घ्यावा यावर लेख आला होता. आमच्याकडे पेपर दहाच्या एसटीनं येतो, त्यामुळं वाचायला दुपार झाली, आणि वाचून होत नाही तर पोट्टा म्हणाला बाबा आपण ओएलईडीच घेऊ, पेपरातच लिहून आहे का काळा रंग खरा काळा दिसते. लेख चांगला होता, खोटं कायले बोलू. पण वाचताना सारखं वाटत होतं की लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला हॉल आहे, पडदे आहेत, एसी आहे, लाइट जात नाही. आमच्या घरी यातलं एकही नाही म्हणून हे लिहून राहिलो. लांब झालं तर कापा, पण कापताना फ्री डिशचा भाग तेवढा ठेवा.

आमचा जुना ३२ इंची दिवाळीच्या आधी गेला. गेला म्हणजे आवाज यायचा, चित्र नाही. तालुक्याच्या कारागिराकडे मोटरसायकलवर गोधडीत गुंडाळून नेला, त्यानं दुकानातला लाइट बंद केला, मोबाइलचा टॉर्च काचेला टेकवून तिरपा धरला आणि म्हणाला, "पाहा काकाजी, चित्र आहे तुमचं अंदर." होतं ना खरंच! विहिरीत वाकून पाहिल्यावर तळाला काहीतरी हलताना दिसतं तशी बातम्या देणारी बाई दिसत होती. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ज्याला आपण एलईडी एलईडी म्हणून राहिलो तो पडदा एलसीडीचाच आहे. तो स्वतः उजेड देत नाही, मागून येणारा उजेड कुठं अडवायचा आणि कुठं सोडायचा एवढंच त्याचं काम, आणि एलईडी म्हणजे मागं लावलेल्या दिव्यांच्या पट्ट्या. आधी तिथं ट्यूबलाइटसारख्या बारीक नळ्या असायच्या तेव्हा दुकानदार एलसीडी म्हणायचे, नळ्या जाऊन दिवे आले की त्याचंच नाव एलईडी झालं. हे दिवे दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागं एक जोडलेले, एक उडाला की माळ बंद. त्यानं पडदा उचलून दाखवलं, प्रत्येक दिव्यावर शर्टाच्या बटणाएवढी प्लास्टिकची पारदर्शक टोपी बसवलेली असते, त्यातल्या दोन टोप्या गोंद सुटून खाली पडल्या होत्या. म्हणूनच दोन वर्षांपासून आमच्या टीव्हीवर दोन पांढरे चट्टे दिसत होते, आणि माय म्हणायची माह्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. तिला एकदा यवतमाळला दाखवूनही आणलं होतं बाप्पा.

पट्ट्या बदलून तो टीव्ही आता मायच्या खोलीत चालून राहिला. पण घरात ठरलंच होतं मोठा घ्यायचा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला ही बातमी सगळ्यांनी वाचली होती, कापसाच्या भावाची बातमी मात्र मी एकट्यानंच वाचली.

तर जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, पोरगं पगारावरचं होतं, त्याचा काय दोष. मी विचारलं की हे क्यूएलईडी आणि ते ओएलईडी, फरक काय भाऊ? तो म्हणतो, "काका, ओ नंतर पी, पी नंतर क्यू, म्हणजे क्यूएलईडी हे त्याचंच पुढचं मॉडेल." मी पटवूनही घेतलं होतं! बाहेर येऊन पोरीला फोन लावला, ती अमरावतीला बीएस्सीला आहे, ती आधी पाच मिनिटं हसली. मग म्हणाली बाबा या दोन गोष्टींचं नातंच नाही. क्यूएलईडी म्हणजे आपला तोच एलसीडी, तेच मागचे दिवे, फक्त दिवे निळे आणि मधे क्वांटम डॉटचा थर, म्हणजे इतके बारीक कण की नुसता आकार बदलला तर त्यांच्यातून निघणारा रंग बदलतो, या कणांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आहे. त्यानं रंग जास्त शुद्ध दिसतात हे खरं. पण मागचा दिवा मागंच राहतो, त्यामुळं रात्रीच्या सीनमध्ये काळ्याच्या जागी राखाडी दिसायचं ते थोडंफार दिसतंच. ओएलईडीत मागं दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, विझला की पूर्ण अंधार, म्हणून तो काळा खरा काळा. आणि मिनी एलईडी म्हणजे परत एलसीडीच, पण मागं हजारो बारके दिवे आणि त्यांचे वेगवेगळे गट, जिथं चित्र काळं तिथला गट मंद करायचा. एका अक्षराच्या फरकानं दुप्पट-तिप्पट पैशाचा फरक पडतो आणि विकणाऱ्यालाच माहीत नाही म्हणजे काय म्हणावं.

एक गंमत सांगतो. ज्याला खरोखर एलईडीचा पडदा म्हणता येईल तो आमच्याकडे सभेला नाहीतर गणपतीत डीजेवाला लावतो तो. त्यात एकेक ठिपका म्हणजे एकेक दिवा. पी-३, पी-४ असं ते सांगतात ते दोन ठिपक्यांतलं अंतर, ३ मिलिमीटर, ४ मिलिमीटर, म्हणूनच जवळ गेलं की नेत्याच्या तोंडाची चाळणी होते. आणि प्लाझ्मा नावाचाही एक प्रकार होता, आमच्या माजी सरपंचाकडे होता, चित्र देखणं पण थंडीत त्याच्यासमोर हात शेकता यायचे आणि बिल पाहून सरपंचही गरम. कंपन्यांनी तो २०१४ च्या सुमारास बनवणंच सोडलं.

आता मुद्द्यावर येतो. ओएलईडी वाईट नाही, पण आमच्या घरात तो कुठं बसवू ते लेखकानं सांगावं. समोरच्या खोलीचं दार छपरीत, म्हणजे पुढच्या टिनाखालच्या ओसरीत, उघडतं आणि सकाळपासून रात्री निजेपर्यंत उघडंच असतं, दिवसा सगळा उजेड समोरच्या काचेवर. ज्या काळ्या रंगासाठी एवढे पैसे मोजायचे तो उजेडात धुऊनच जातो, त्याची मजा अंधारात. दुसरं म्हणजे आमच्याकडे बातम्यांचं चॅनेल सकाळी लागलं की दिवसभर तेच. खाली लाल पट्टी, कोपऱ्यात चॅनेलचा शिक्का, तासन् तास एकाच जागी. ओएलईडीचे ठिपके वापरानं झिजतात आणि जिथं रोज तेच चित्र तिथं जास्त झिजतात, मग चॅनेल बदललं तरी पट्टीचा डाग राहतो. त्यावर कंपन्यांनी उपाय ठेवला आहे की टीव्ही रिमोटनं बंद केला की तो आतल्या आत पडद्याची बरोबरी करून घेतो, पण त्यासाठी मागचा प्लग चालू पाहिजे. आणि आमच्या गावात टीव्ही बंद करणं म्हणजे भिंतीवरचं बटन बंद करून वायर उपसून ठेवणं. वीज पडायच्या भीतीनं असो का बिलाच्या, ती सवय मोडत नसते.

उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. बहुतेक टीव्हीच्या पुस्तिकेत मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ४० डिग्रीपर्यंत चालवा. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ आणि वर टिना, म्हणजे खोलीत काय असेल ते कूलरलाच विचारा. हा नियम सगळ्याच प्रकारांना आहे, एलईडीच्या त्या टोप्यांचा गोंद असाच सुटतो. पण साध्या एलईडीच्या पट्ट्या तालुक्याला हजार-दोन हजारात बदलून मिळतात, ओएलईडीचा पडदा गेला तर तालुक्याला काय, जिल्ह्यातही तो उघडणारा मला सापडला नाही.

आणि पैसे. ५५ इंची ओएलईडी लाखाच्या पुढं सांगितला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ८११० रुपये होता, व्यापारी त्याहून कमीच देतो, पण हमीभाव धरला तरी १२-१३ क्विंटल झाले. माझ्या कोरडवाहू वावरात एकरी पाच क्विंटल आला तर मी देवाला नारळ फोडतो. अडीच एकर भिंतीवर टांगायची का म्हणून पोट्ट्याला विचारलं, तो काही बोलला नाही.

आता फ्री डिश. आमच्याकडे निम्म्या गावात दूरदर्शनची फ्री डिश आहे, महिन्याचा रिचार्ज नाही म्हणून. त्यावरची बहुतेक चॅनेलं साधी एसडी, म्हणजे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके. ४के टीव्हीत ठिपके ३८४० बाय २१६०. मी कागदावर गुणाकार केला तर बरोबर २० पट निघाले, म्हणजे वरून आलेला एक ठिपका टीव्हीनं २० ठिपक्यांवर सारवायचा. सारवलेलं ते सारवलेलंच दिसणार. तरी दुकानात ४के चमकतो कसा, तर तिथं पेनड्राइव्हवर खास बनवलेला व्हिडिओ लावलेला असतो, त्यात पोपट आणि समुद्र. मी म्हटलं भाऊ ते पोपट बंद कर आणि सह्याद्री लाव. त्यानं तोंड वाकडं केलं, दहा मिनिटं रिमोट शोधला, पण लावलं. फुल एचडीवर (त्यात ४केच्या चौथाई ठिपके) आणि ४केवर शेजारी शेजारी तोच कृषीचा कार्यक्रम, बायको दोन्हीकडे पाहून म्हणाली, "काऊन जी, दोन्ही तर सारखेच दिसून राहिले."

इंटरनेटवरून ४के पाहायचं म्हटलं तर तासाला सात जीबीपर्यंत डेटा जातो. रोज दोन जीबीचा पॅक असला तर जाहिरात आणि पाट्या संपेपर्यंत पॅक संपला समजा. शिवाय ४३ इंची फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, साधारण सहा फुटांच्या मागं बसलं की चांगल्या नजरेलाही ठिपके वेगळे दिसत नाहीत. आम्ही दहा फुटांवर बसतो. ज्यांच्याकडे फायबर आहे आणि भिंतीएवढा टीव्ही आहे त्यांनी घ्यावा ४के, माझं काही म्हणणं नाही.

जे कोणीच लिहीत नाही ते म्हणजे बसायचं कुठं. शहरात सोफा टीव्हीच्या समोर असतो. आमच्याकडे मॅच असली की एक बाजेवर, दोन दाराच्या चौकटीत, शेजारचे छपरीतून तिरपे, आणि डिसेंबर-जानेवारीत त्याच खोलीत कापूस भरलेला असतो, तर पोट्टे गंजीवर चढून वरून पाहतात. एलसीडीचे पडदे दोन जातीचे, आयपीएस आणि व्हीए. व्हीएत समोरून काळा रंग जास्त गडद दिसतो, पण बाजूला सरकलं की रंग फिके पडतात. आयपीएसमध्ये काळा थोडा राखाडी पण बाजूनं आणि वरूनही चित्र तसंच. आम्हाला आयपीएस पाहिजे होता आणि डब्यावर ते कुठंच लिहिलेलं नव्हतं, दुकानातल्या पोऱ्यालाही सांगता येईना. शेवटी मी दुकानात भिंतीला चिकटून उभा राहिलो आणि एकेक टीव्ही बाजूनं पाहिला, मग स्टूल मागून त्यावर चढून वरून पाहिला. लोक हसले. त्यातून ४३ इंची फुल एचडी निघाला, साधा एलईडी, १९ हजार ५०० ला दिला. घरी आणून आधी त्याचा भडक मोड काढला आणि बॅकलाइट शंभराचा साठवर आणला, कारागिरानंच सांगितलं होतं की दिवे कमी तापतात, जास्त टिकतात. कापूस विकला जाईपर्यंत मागच्या जाळीवर बायकोनं जुनं लुगडं टाकलं आहे धूळ-कचऱ्यासाठी, ते मी रोज काढतो आणि ती रोज टाकते, जाळी झाकली की तो तापणारच ना.

साहेब, मागणी दोनच आहेत. दुकानात किमतीच्या पाटीवर मराठीत एक ओळ सक्तीची करावी, पडदा कोणत्या जातीचा आणि उजेड कुठून येतो, मागून का ठिपक्यातूनच. फ्रिजवर तारे आहेत, टीव्हीवरही आहेत, तिथंच खाली जागा आहे. आणि आपल्या पुरवणीत पुढच्या खेपेला लेख द्याल तेव्हा एखादा तालुक्याचा कारागीर गाठून त्याला विचारा की वर्षभरात कोणते टीव्ही त्याच्या टेबलावर येतात आणि काय काय जातं, त्याच्याजवळ दिवाळीच्या जाहिरातींपेक्षा जास्त माल आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ता.क. मागच्या पावसाळ्यात शेजाऱ्यानं वीज चमकायला लागल्याबरोबर प्लग काढला तरी त्याचा टीव्ही गेला. वीज डिशच्या वायरनं बॉक्समध्ये आणि बॉक्समधून टीव्हीत गेली. टीव्ही कोणताही असो, डिशची वायरही काढत जा, हे जरूर छापा.