आमचा व्हिडिओ साहेबांनी पूर्ण बघावा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आदिवासी भागातल्या योजनांची बातमी आली की फोटो ठरलेला, साहेब मधी आन बाजूला चार लाभार्थी. माझं म्हणणं त्या फोटोबद्दलच आहे. मी किनवट तालुक्यातला, समाजानं आंध आदिवासी, मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. आमच्याकडं गोंड, कोलाम, प्रधान, आंध सगळे राहतात आन सगळ्यांचे फोटो निघतात, घरकुलाच्या हप्त्याला जिओटॅग म्हणजे जागेच्या नोंदीसकट फोटो, झाड लावलं की फोटो, मीटिंग झाली की फोटो, पण कॅमेरा कायम बाहेरून आलेल्याच्याच हातात.

एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, पाण्याची टाकी झाली, पण खालच्या अंगाला, पोड वर उतारावर, नळ कोरडे. मीटिंग झाली तेव्हा बाया मागं गप बसल्या होत्या. साहेबांची मराठी म्हणजे "अंतर्गत", "प्रस्तावित", आन कोलामी तर तेलुगूच्या घराण्यातली भाषा, मलाच कळत नाही तर साहेबांना काय कळणार. रजिस्टरवर अंगठे झाले, चर्चा झाली असं लिहिलं गेलं, विषय संपला.

मग दुकानातला एक जुना फोन मी तिथल्या पोरींना दिला. पहिल्यांदा तो गेला सरपंचाच्या पुतण्याकडं आन सगळ्या क्लिपमधी त्याचाच चुलता! बायांनी परत मागून घेतला. मग एक म्हातारी हंडा घेऊन निघाली, नात मागून शूटिंग करत, पोडापासून खालच्या विहिरीपर्यंत आन परत, वाटेत म्हातारी कोलामीत बोलतेय, मीटिंगमधी जी तोंड उघडत नव्हती ती. बावीस मिनिटं. मी म्हणलं तीन मिनिटाचं करू, कोण बघतंय एवढं. म्हातारी म्हणली कापायचं नाही, साहेबाला पण माझ्याबरोबर एवढं चालू दे. नातीनं खाली मराठी अक्षरं टाकली. दुसऱ्या एका बाईनं दारूबद्दलची आपली वेगळी क्लिप काढायला लावली, ती काढली. आधी शाळेच्या भिंतीवर पोडानंच बघितलं, लई हसले, दोन ठिकाणी भांडण पण झालं, मगच ऑफिसात नेलं.

साहेबांनी नवव्या मिनिटाला घड्याळ बघितलं. पण बघितलं शेवटपर्यंत, आन त्यांचं उत्तर आम्ही त्याच फोनवर घेतलं, वर छोटी टाकी आन मोटर देतो म्हणून. ते उत्तर पोडावर दाखवलं. माझ्या मते खरी गोष्ट ही आहे, व्हिडिओ वर जाणं सोपंय, उत्तर खाली आलं पाहिजे.

ही काय माझ्या डोक्यातली आयडिया नाही. 1967 साली कॅनडातल्या फोगो बेटावर मच्छीमारांना बेट सोडून दुसरीकडं बसवायचा सरकारी विचार चालला होता, तेव्हा लोकांचं बोलणं चित्रित करून आधी त्यांनाच दाखवलं, मग सरकारला, आन मंत्र्याचं उत्तर चित्रित होऊन परत बेटावर आलं. लोक आजही तिथंच आहेत, सहकारी संस्था काढून. अहमदाबादच्या सेवा या कष्टकरी बायांच्या संघटनेतल्या बाया 1984 पासून व्हिडिओ करायलेत, त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता वाचता येत नव्हतं. आन लांब कशाला, बीदर ओलांडलं की झहीराबाद, तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायांनी वरंगलच्या बीटी कापसावर फिल्म केलीय. आपल्या कापूसवाल्या मराठवाड्यात हे किती जणांना माहितीय?

आता मागणी. किनवटचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा इथं लागू. त्यात योजनेला मंजुरी आन लाभार्थी निवड ग्रामसभेची, आन पैसा खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र पण ग्रामसभेकडून घ्यायचं असतं. मग ते द्यायच्या आधी लोकांनीच काढलेला कामाचा व्हिडिओ ग्रामसभेत लावा, त्यांच्या भाषेत, आन संबंधित अधिकाऱ्याचं उत्तर पण रेकॉर्ड करा. कोलाम आदिम जमातीत मोडतात, अशा जमातींसाठी नोव्हेंबर 2023 ला पीएम-जनमन ही केंद्राची योजना सुरू झाली, तिच्या कामात पण हेच करा. खर्च तो काय, एक फोन आन एक मेमरी कार्ड. संस्थावाल्यांना पण सांगणं आहे, पोरांना दोन दिवस ट्रेनिंग देऊन रिपोर्टमधी "लोकसहभाग" लिहू नका, कापायचं काय ठेवायचं काय हे पोडावर ठरू द्या. आन सगळं लगेच यूट्यूबवर टाकू नका, कोणाची काय अडचण असंल ते त्यालाच माहीत.

नाहीतर आमच्याकडं ऐकून घ्यायची पद्धत जुनीच आहे. किनवट तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं, 1940 ला गोंडांचे पुढारी कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात गेले, आन त्याच्यानंतर सरकारनं गोंडांचं म्हणणं समजून घ्यायला माणूस पाठवला.

त्या पोडावर मोटर आली, वीज जोडणी राहिलीय, तेवढ्यात साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांना पुढच्या सोमवारी दाखवायला चाललोय. म्हातारी बरोबर येणार आहे, कापलं नाही ना हे बघायला.

आपला,
एक वाचक, ता. किनवट, जि. नांदेड