रिसायटलला जायच्या आधी वाच

प्रिय वृषाली,

परवा तू फोनवर प्रोग्रॅम वाचून दाखवलास, पहिल्या भागात फ्रेंच संगीतकार रावेलचं 'ल तोंबो द कूपरँ' आणि इंटरव्हलनंतर रशियन संगीतकार मुसॉर्गस्कीचं 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन', तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय. ज्याने कोणी हे दोन शेजारी शेजारी लावलेत त्याला मानलं बाई. दोन्ही गेलेल्या मित्रांसाठी लिहिलेली आहेत आणि दोन्हीत रडारड जवळजवळ नाहीच. तू म्हणालीस ना की मला पियानोतलं काही कळत नाही, नुसती बसून येईन, तर तसं करू नकोस. थोडं माहिती असलं की ऐकण्यात खूप फरक पडतो, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधी रावेल. जुन्या फ्रेंच संगीतात गेलेल्या माणसाच्या आठवणीत जी रचना लिहायचे तिला तोंबो म्हणत, आणि कूपरँ म्हणजे अठराव्या शतकातला हार्पसिकॉर्डचा फार मोठा माणूस. 1914 मध्ये हे रावेलच्या डोक्यात घोळायला लागलं तेव्हा जुन्या फ्रेंच नाचांच्या धर्तीवर पियानोसाठी एक सूट, म्हणजे छोट्या छोट्या भागांची मालिका, लिहावा एवढंच होतं. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं. हा अंगाने अगदी किरकोळ, उंचीला कमी, विमानदलात जायचा हट्ट धरून बसला होता पण घेतलं नाही, शेवटी 1916 मध्ये व्हर्दंच्या आघाडीच्या बाजूला लष्कराचा ट्रक चालवायला लागला, ट्रकचं नाव सुद्धा ठेवलं होतं, आदेलाईद. जानेवारी 1917 मध्ये त्याची आई गेली, ते त्याला फार लागलं. आणि त्याच वर्षी त्याने हा सूट पुरा केला.

भाग सहा, नावं सात. प्रत्येक भाग युद्धात गेलेल्या ओळखीच्या माणसाला अर्पण केलाय, आणि चौथा, रिगोदों, दोघा भावांना आहे, पिएर आणि पास्काल गोदँ, 1914 च्या नोव्हेंबरमध्ये एकाच तोफगोळ्याने दोघंही गेले. आता तू हा भाग ऐकशील तेव्हा दचकशील, कारण सगळ्या सूटमध्ये सगळ्यात दणदणीत, उड्या मारणारा नाच हाच आहे! मला हे कायम वाटत आलंय की रावेलने त्यांचं मरण लिहिलंच नाही, ती पोरं जिवंत असताना जशी होती तशी लिहिली. दुःख फक्त एका जागी वर येतं, पाचव्या भागाच्या, म्हणजे मिन्युएट नावाच्या नाचाच्या, मधल्या तुकड्यात, तिथे अचानक मायनरमध्ये, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरांत, जाड जाड कॉर्ड्स, एकदम दाबलेल्या सुरांचे गठ्ठे, सरकायला लागतात, आवाज वाढत वाढत जातो आणि मग परत काहीच झालं नाही असा नाच सुरू. तो अर्धा मिनिट सोडू नकोस.

शेवटचा भाग तोकाता, म्हणजे बोटांची चपळाई दाखवणारी रचना. ही जोझेफ द मार्लियाव्हला आहे, संगीतावर लिहिणारा माणूस, सैन्यात कॅप्टन, ऑगस्ट 1914 मध्येच मारला गेला. त्याची बायको मार्गरित लाँ, नावाजलेली पियानिस्ट. आणि 11 एप्रिल 1919 ला पॅरिसच्या साल गाव्होमध्ये हा सूट लोकांपुढे पहिल्यांदा वाजवला तो तिनेच. म्हणजे कल्पना कर, आधीचे पाच भाग वाजवून शेवटी नवऱ्याच्या नावाची तोकाता, आणि तीही अशी की एकच सूर दोन्ही हातांनी धडाधड परत परत, सतारीचा झाला चालतो ना तसा, दम घ्यायला जागा नाही, आणि शेवट मायनरमधून मेजरमध्ये, एकदम उजेडात. तिने ते कसं निभावलं असेल देव जाणे.

आता मुसॉर्गस्की. याचा मित्र व्हिक्टर हार्टमान, आर्किटेक्ट आणि चित्रकार, 1873 मध्ये अचानक गेला, वय अवघं 39. त्याच्या आधी एकदा दोघं रस्त्याने चालले असताना हार्टमान थांबला, पांढराफटक पडून भिंतीला टेकला, श्वास लागत होता, आणि मुसॉर्गस्कीने ते हसण्यावारी नेलं. मित्र गेल्यावर त्याने दोघांच्या मित्राला, कलासमीक्षक स्तासोव्हला, पत्र लिहून हे सांगितलं, त्याच पत्रात किंग लियरमधली ओळ आहे, कुत्र्याला घोड्याला उंदराला जीव असतो आणि तुझ्यात श्वाससुद्धा का नाही, ती. मला ते भिंतीचं वाचल्यापासून हे संगीत वेगळंच ऐकू येतं.

पुढच्या वर्षी स्तासोव्हने सेंट पीटर्सबर्गला हार्टमानच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि जून 1874 मध्ये तीनेक आठवड्यांत मुसॉर्गस्कीने हे सगळं लिहून काढलं. प्रोमेनाड म्हणून जी सुरावट सारखी येते ती म्हणजे तो स्वतः, एका चित्राकडून दुसऱ्याकडे चालत जाणारा, ताल कधी पाचाचा कधी सहाचा. पिल्लांचा नाच म्हणजे एका बॅलेच्या पोशाखांचं डिझाइन, बाबा यागा या रशियन गोष्टींतल्या चेटकिणीची झोपडी म्हणजे मूळ चित्रात कोंबडीच्या पायांवरचं घड्याळ, हे जाताजाता. पण कॅटकोम्ब्सला, म्हणजे मेलेल्यांची हाडं ठेवलेल्या तळघरांच्या तुकड्याला, थांब. चित्रात पॅरिसच्या तळघरात कंदील घेऊन उभ्या माणसांत हार्टमान स्वतः आहे आणि बाजूला कवट्यांची रास. पियानोवर नुसते लांब लांब कॉर्ड्स, एक मोठा एक बारीक. मग उजवा हात वर थरथरता ट्रेमोलो धरतो आणि खालून प्रोमेनाडच येतं, पण मायनरमध्ये. इतका वेळ बाहेर फिरणारा माणूस इथे चित्राच्या आत गेला. हस्तलिखितात त्याने लिहून ठेवलंय की हार्टमानचा आत्मा मला कवट्यांपाशी नेतोय आणि कवट्या आतून उजळायला लागल्यात.

शेवटचं कीव्हचं महाद्वार तर कधी बांधलंच गेलं नाही! 1866 मध्ये झार अलेक्झांडर दुसरा हल्ल्यातून वाचला म्हणून स्पर्धा ठेवली होती, हार्टमानने डिझाइन केलं, पुढे सगळंच बारगळलं. ते दार मुसॉर्गस्कीने पियानोवर उभं केलं, घंटांसकट, आणि त्या घंटांच्या मधूनच परत प्रोमेनाड ऐकू येतं बघ, ते पकड.

मुसॉर्गस्की 1881 मध्ये गेला, हे छापलं गेलं 1886 मध्ये, त्याचा संगीतकार मित्र रिम्स्की-कोर्साकोव्हने हात फिरवून. आणि 1922 मध्ये कंडक्टर कूसेवित्स्कीच्या सांगण्यावरून त्याचं ऑर्केस्ट्रासाठी काम केलं ते तुझ्या पहिल्या भागातल्या रावेलनेच. लोकांच्या कानात तेच बसलंय, मला मात्र पियानोवरचंच जास्त आवडतं, त्यात एक ओबडधोबड खरेपणा आहे. आधी ऐकायचं असेल तर पियानिस्ट रिख्तरचं 1958 चं सोफियातलं रेकॉर्डिंग ऐक, लोक खोकतायत, कुठे कुठे सूर चुकतायत, तरी त्याला तोड नाही.

आणि एक काम कर माझ्यासाठी. बिदलो नावाचा बैलगाडीचा तुकडा येईल, तो सुरुवातीलाच जोरात वाजतो की लांबून हळूहळू जवळ येतो ते नीट ऐकून ठेव. मुसॉर्गस्कीने पहिल्या सुरापासून दणक्यात लिहिलाय, हळू सुरुवात रिम्स्कीची. घरी पोचलीस की कितीही वाजू देत, फोन कर, मी जागी आहे.

तुझी,
मेधा