आधी यादी, मग फ्लेक्स

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र होतं की नगरसेवकाची निवडणूक हे आता सामान्य माणसाचं काम राहिलेलं नाही, खिशात पैसा नसेल तर फॉर्मसुद्धा भरू नये. वाचून राग नाही आला पण हात शिवशिवले, कारण मागच्या निवडणुकीत माझ्या मैत्रिणीचा प्रचार मी सांभाळलाय. ती अपक्ष, मागे पक्ष नाही, कोणी पैसेवाला नाही. आणि आम्ही हरलो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी फसवल्यासारखं वाटायला नको.

पण पैसे कमी पडले म्हणून हरलो असं मला आजही वाटत नाही. पहिला अख्खा महिना आम्ही फोटोत घालवला. खरंच सांगते, फोटोत चष्मा ठेवायचा की काढायचा यावर दोन संध्याकाळी मीटिंग झाली, मग घोषवाक्य, मग फ्लेक्सचा रंग, मग व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव, आणि या सगळ्या काळात मतदार यादी माझ्या घरी एका पिशवीत तशीच पडून होती. मग एक दिवस एक काका आले, कित्येक निवडणुका बूथवर काढलेले, आणि त्यांनी एवढंच विचारलं, "पोरींनो, यादीत मयत किती, दुबार किती, गाव सोडून गेलेले किती?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो.

काकांनी पेन घेतलं आणि वहीवर हिशोब मांडला. समजा यादीत २०,००० नावं आहेत आणि मतदान निम्मं होतं, म्हणजे १०,००० मतं, उमेदवार पाच-सहा, म्हणजे ३,५०० मतं घेणारा आरामात निवडून येऊ शकतो. घरात तीन मतदार धरले तर ही साधारण १,२०० घरं झाली. सगळेच काही हो म्हणणार नाहीत, अर्धी दारं बंद असतात, म्हणून ३,००० दारं धरा. दोघांची जोडी एका संध्याकाळी ३० दारं करते, पाच जोड्या असल्या तर २० संध्याकाळी. "वीस संध्याकाळी आहेत का तुमच्याकडे?" असं विचारून काका पाणी पिऊन निघून गेले. आहेत का म्हणजे काय, चष्म्याच्या मीटिंगमध्ये तेवढ्या घालवून झाल्या होत्या!

ही नुसती काकांची अक्कल नाहीये. अमेरिकेत येल युनिव्हर्सिटीच्या अॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या दोन प्राध्यापकांनी १९९८ साली न्यू हेवन शहरात जवळपास ३०,००० मतदारांवर प्रयोग केला, काहींच्या दारात माणूस पाठवला, काहींना पोस्टाने पत्रकं, काहींना फोन, आणि काहींना काहीच नाही. ज्यांच्याशी कोणीतरी समोरासमोर बोललं त्यांचं मतदान साधारण ८ ते ९ टक्क्यांनी वाढलं, पत्रकामागे एक टक्कासुद्धा नाही, आणि पैसे देऊन करवलेल्या फोनचा काही उपयोगच दिसला नाही. आता त्यात मतदानाला या एवढंच सांगितलं होतं, अमक्याला मत द्या असं नव्हतं, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्या प्रचाराला चिकटवता येत नाही हे मान्य. पण पत्रक आणि फोनवर पैसा ओतून जे झालं नाही ते दारात उभ्या राहिलेल्या माणसाने झालं.

दारात जाऊन काय करायचं हेही आम्हाला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी आमची उमेदवार प्रत्येक दारात भाषण द्यायची, चार मिनिटं, समोरचा एक पाय आत एक पाय बाहेर. मग ठरवलं की आधी विचारायचं आणि लिहून घ्यायचं. एका गल्लीत आठ घरांनी एकच गोष्ट सांगितली, कोपऱ्यावरचा दिवा महिनोन्महिने बंद आहे आणि क्लासहून येणाऱ्या मुली लांबून वळसा घालून येतात. आमच्या जाहीरनाम्यात पहिल्या पानावर काय होतं तर शहराचा सर्वांगीण विकास. ते पान त्याच रात्री फाडलं. आणि दिव्याचा अर्ज दुसऱ्या दिवशीच देऊन त्याची पोच घेऊन परत त्याच आठ घरी गेलो. निवडून आल्यावर करू असं सांगणारे त्या लोकांनी खूप पाहिले होते, अर्जाची पोच दाखवणारं कोणी पाहिलं नव्हतं.

एक चूक मात्र सगळ्यात महागात पडली. यादीत प्रत्येक नावापुढे आम्ही खूण करायचो, १ म्हणजे आपला, २ म्हणजे कुंपणावर, ३ म्हणजे नाही. आणि आमचे कार्यकर्ते जो हसून बोलला, ज्याने आत बोलावलं, पाणी दिलं, त्या प्रत्येकाला १ देत सुटले. अहो माणसं तोंडावर नाही म्हणतच नाहीत! सगळ्याच उमेदवारांना तेवढंच हसून पाणी देणारी घरं असतात. शेवटच्या आठवड्यात आमच्या वहीत एवढे १ होते की आम्ही मनातल्या मनात निवडून आलो होतो. काका म्हणाले, हसण्यावर जाऊ नका, काहीतरी मागून बघा. तुमच्या गेटवर आमचा बोर्ड लावू का, मतदानाच्या दिवशी सकाळी आठवण करायला येऊ का, तुमच्या बिल्डिंगमधल्या चार घरांत आमच्याबरोबर येता का. जो यातलं एक तरी करतो तो १. बाकी हसून बोलणारे सगळे २.

पैशाबद्दल थोडक्यात. लोकांकडून लहान लहान रकमा घेतल्या, प्रत्येकाला पावती, वेगळं बँक खातं, आणि हिशोबाला एक तिरसट माणूस बसवला जो स्वतःच्या सख्ख्या भावालाही बिलाशिवाय पैसे देत नसे. खर्चाचा हिशोब द्यावाच लागतो आणि तिथे गडबड झाली तर जिंकूनही उपयोग नाही. शिवाय ज्याने थोडे का होईना पैसे दिलेत तो घरात बसत नाही, चार लोकांना सांगतो. अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात तर २०१५ साली लोकांनी मतदान करून योजनाच आणली, प्रत्येक मतदाराला शहराकडून २५ डॉलरची चार व्हाउचर मिळतात, ती शहराच्या निवडणुकीत योजनेत सामील झालेल्या हव्या त्या उमेदवाराला द्यायची, २०१७ पासून वापरात आहेत. म्हणजे उमेदवाराला पैशासाठीसुद्धा सामान्य माणसाच्याच दारात जावं लागतं. भारी डोकं!

त्याच सिअॅटलमध्ये क्षमा सावंत २०१३ साली कौन्सिलवर निवडून आल्या. पुण्यात जन्म, मुंबईत वाढलेल्या, ना रिपब्लिकन ना डेमोक्रॅट, आणि हरवलं कोणाला तर चार वेळा निवडून आलेल्या नगरसेवकाला. त्यांचं राजकारण पटो न पटो, पण पहिल्या रात्रीच्या मोजणीत त्या मागे होत्या, आणि त्याच्या आदल्याच वर्षी दुसरी एक निवडणूक हरल्या होत्या. अमेरिकेतले सिनेटर बर्नी सँडर्स सत्तरच्या दशकात चार निवडणुका हरले आणि १९८१ साली बर्लिंग्टन शहराचे महापौर झाले ते फक्त १० मतांनी. सॅन फ्रान्सिस्कोचे हार्वी मिल्क कॅमेऱ्याचं दुकान चालवायचे आणि तिथूनच प्रचार, १९७३, १९७५ ला नगरसेवकपदाला आणि १९७६ ला राज्याच्या विधानसभेला, तिन्ही वेळा पडले, १९७७ ला नगरसेवक म्हणून आले.

मिल्क यांच्या गोष्टीत एक मुद्दा लोक विसरतात, आणि तो त्या पत्रलेखकाच्या बाजूने जातो म्हणून प्रामाणिकपणे सांगते. आधी तिथे अख्ख्या शहरातून नगरसेवक निवडायचे, १९७७ ला वॉर्डावार निवडणूक झाली तेव्हा ते आले. वॉर्ड जेवढा मोठा तेवढी वीस संध्याकाळींची गणितं कोसळतात आणि मग खरंच पैसा लागतो. म्हणून वॉर्ड पाडताना ज्या हरकती मागवतात ना, त्या नोटिशीकडे कोणी बघत नाही, आम्हीही बघितलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत आमची माणसं थकली, एकेक करून घरी गेली, आणि वहीतले शंभरेक पक्के १ उठवायला कोणी उरलं नाही. किती मतांनी हरलो ते सांगत नाही, पण त्या शंभरात भागलं नसतं हेही खरं. भागतंही कधीकधी. २०१७ च्या मुंबई महापालिकेत २२० नंबरच्या वॉर्डात दोन उमेदवारांना बरोब्बर ५,९४६ मतं पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लावला. हरलेल्या बाजूच्या ज्या कार्यकर्त्याने संध्याकाळी एक दार कमी वाजवलं असेल त्याला झोप कशी आली असेल देव जाणे.

मैत्रीण परत उभी राहणार आहे. या वेळी फोटोवर मीटिंग नाही, तोच जुना, चष्म्यासकट.

आता एक विनंती, खरं तर तक्रारच. मागच्या वेळी आमच्या वॉर्डाच्या बातमीत तुम्ही तीन पक्षांच्या उमेदवारांची नावं फोटोसकट दिली आणि आमची बिचारी "व इतर" मध्ये गेली. वीस संध्याकाळी फिरलेल्या बाईला दारात लोक विचारायचे, पेपरात तर तुमचं नाव नाही, उभ्या आहात ना नक्की? जागा कमी असते हे समजतं, पण या वेळी सगळ्यांची निदान नावं तरी छापा, फोटो नसले तरी चालतील.

आपली,
एक नियमित वाचक