‘मधुमेह मुळापासून बरा’ छापणे थांबवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात आतल्या पानावर ‘मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या-इंजेक्शन कायमचे बंद’ अशी जाहिरात होती. चूर्णाचा डबा, मोबाइल नंबर, घरपोच सेवा. तिचे कात्रण शेजारच्या मावशींनी मोठ्या मायेने आणून दिले, कारण आमच्या घरी यांना शुगर निघाली आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

माझे यजमान एसटीत चालक आहेत. उन्हाळ्यात सारखी तहान, रात्री लघवीला उठणे, पँट कमरेत सैल. ऊन आणि जागरण यांमुळे असेल असे वाटायचे. तपासणीत उपाशीपोटी साखर २१२ आणि एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.८ आले. निदानाला १२६ आणि ६.५ पुरतात. त्या आठवड्यात घरात जो येईल तो कुणाचा पाय कापला, कुणाला डायलिसिस लागले हेच सांगत होता. माणूस इतका घाबरलेला असतो की ‘मुळापासून बरा’ हे शब्द दिसले की हात फोनकडे जातोच. जाहिरात देणाऱ्यांना हे पक्के माहीत आहे.

त्यात मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीने सुरुवातीला यांचे पोट बिघडले. डॉक्टरांनी डोस कमी करून हळूहळू वाढवला, गोळी जेवणासोबत घ्यायला सांगितली, आणि त्रास थांबला. पण ते चार दिवस कठीण गेले. ‘गोळ्यांनी पोट खराब होते, आमचे चूर्ण निर्धोक’ हे नेमके तेव्हाच पटते, आणि अनेक जण तिथेच गोळ्या सोडतात.

साखर खरी कशाने उतरली ते सांगते. डॉक्टरांनी घरी मशीन घ्यायला लावले आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासायला शिकवले. तेव्हा १८० च्या आत आले तर ठीक. आमचा बार्शीचा भाग ज्वारीचा. भाकरी कितीही खावी, ती निर्धोक, असेच आम्ही समजत आलो. तीन भाकऱ्या, पातळ आमटी आणि वरून भात झाल्यावर मशीनने २६० दाखवले. ज्वारीत चोथा आहे हे खरे, पण शेवटी तेही पीठच. आता एक भाकरी, वाटीभर मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, दही, आणि सगळ्यात आधी काकडी-मुळा. जेवणानंतर हे पंधरा मिनिटे चालतात, मुक्कामी गाडी असली तर डेपोच्या आवारात. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. त्याच गोळ्यांवर आकडा १७० च्या आसपास येऊ लागला. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीने मात्र तो भाकरीपेक्षाही वर गेला, कारण साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. गुळाचा चहा चालतो म्हणणारे खूप भेटतात. गुळानेही साखर चढतेच. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.३ आहे. अजून खाली यायचे आहे, आणि येईल.

माझी खरी धास्ती वेगळी आहे. यांच्यामागे पन्नास माणसे बसलेली असतात. चालक आहेत हे कळल्यावर डॉक्टरांनी साखर एकदम खाली नेऊ शकणारी गोळी मुद्दाम टाळली आणि तरीही सांगितले, की घाम, थरथर, अंधारी आली तर गाडी बाजूला घ्या. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. मधुमेहाच्या काही चूर्णांत चोरून मिसळलेली अॅलोपॅथीची औषधे तपासणीत सापडलेली आहेत. कुठल्या डब्यात किती मिसळले आहे, हे स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला कसे कळणार?

भरपूर वजन उतरवून काहींची साखर गोळ्यांशिवाय ताब्यात राहते, हे डॉक्टरच सांगतात. पण तेही तपासण्या चालू ठेवून, डब्यातल्या चूर्णाने नव्हे. कारल्याच्या भाजीला माझी हरकत नाही, आमच्याकडे ती आवडीने होते.

औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा आहे. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत मधुमेह आहे. बंदी फक्त विकणाऱ्याला नाही, जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणताही भाग घेणाऱ्याला आहे. आपल्या दैनिकाची पहिली पाने आम्ही विश्वासाने वाचतो. आतल्या पानावर छापलेल्यालाही वाचक तोच विश्वास देतात. मावशींचे म्हणणेही हेच होते, ‘पेपरात आलंय म्हणजे खरं असणार’.

तेव्हा ही जाहिरात पुन्हा घेऊ नका. तेवढ्या जागेत नव्याने शुगर निघालेल्यांसाठी पहिल्या महिन्यात काय करायचे ते छापा: डोळ्यांच्या पडद्याची, पायांची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी निदानाबरोबरच करून घ्यायची, कारण हा आजार कळण्याआधी कित्येक वर्षे अंगात असू शकतो, आपले काम काय, जेवणाच्या वेळा कोणत्या, हे डॉक्टरांना आपणहून सांगायचे, आणि तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते.

आपली,
एका एसटी चालकाची पत्नी
बार्शी, जि. सोलापूर